घरी कालवलेला डेव्हलपर

कुपवाडच्या एका रंग बनवणाऱ्या कारखान्यात मी गेली वीस वर्षं केमिस्ट आहे. आलेला माल तपासणं हे माझं काम. गाडी लागली की पोत्यात नळी खुपसायची, नमुना काढायचा आणि पोत्यावर जे छापलंय तेच पोत्यात आहे का ते बघायचं. बहुतेक वेळा असतं. कधी कधी नसतं, आणि त्या कधी कधीसाठीच मला पगार मिळतो. हे इतकी वर्षं केल्यावर माणसाची नजर वाकडी होते. दुधाची पिशवी आली तरी मी आधी तिची शिवण बघतो. बायको शाळेत शिकवते. ती म्हणते, "मला बघायला आला होतात तेव्हा माझाही नमुना काढून नेला असणार तुम्ही."

चार वर्षांपूर्वी मला फिल्मच्या कॅमेऱ्याचा नाद लागला. मोबाईलच्या काळात हा नाद का, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. सांगलीत आता रंगीत फिल्म कोणी धुवून देत नाही. पुण्याला पाठवावी लागते, आणि परत यायला पंधरा दिवस लागतात. त्या पंधरा दिवसांत माझ्या मनात काय काय येई. त्यांनी शिळ्या रसायनात तर बुडवली नसेल? दुसऱ्याची फिल्म माझ्या पाकिटात तर घातली नसेल? शेवटी ठरवलं, घरीच धुवायची. काळ्या पिशवीत हात घालून फिल्म डब्यात गुंडाळायची, बादलीत अडतीस डिग्रीचं पाणी ठेवायचं, पहिल्या रसायनात, म्हणजे डेव्हलपरमध्ये, सव्वातीन मिनिटं, मग दुसऱ्यात. हे काही अवघड नाही. अवघड आहे ते रसायन मिळवणं.

पहिला संच मी ऑनलाईन मागवला. भुकटीची पाकिटं असतात, पाण्यात विरघळवायची. तो छान निघाला. दुसरा संच ऐन एप्रिलमध्ये आला. कुठल्या तरी गोदामात पत्र्याखाली आठवडाभर भाजला असावा, कारण जी भुकटी पांढरी असायला हवी ती चहाच्या चोथ्यासारखी झाली होती. पाकिटावर तारखेच्या जागी दुसरी चिठ्ठी चिकटवलेली. नखानं खरवडून बघितलं तर खाली आधीची तारीख होती, आणि ती उलटून गेलेली होती. विकणाऱ्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "काही होत नाही सर, बिनधास्त वापरा." कारखान्यात माल देणारे अगदी याच शब्दांत बोलतात. मी वापरला नाही. आणि त्या दिवसापासून विकतच्या पाकिटावरचा माझा विश्वास उडाला.

त्याच सुमारास साताऱ्यात एक जुना स्टुडिओ बंद होत होता. सामान विकायला काढलंय असं कळलं म्हणून फिल्म धुवायचा एखादा चांगला डबा मिळतो का बघायला मी गेलो. तिथे एक सत्तरीचे गृहस्थ स्टुलावर बसून जुन्या बाटल्या निवडत होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी शाळा कधी शिकवली नव्हती. पण रंगीत फोटोंची मशीनं आली तेव्हा ती कशी चालवायची हे साताऱ्यातल्या निम्म्या लोकांना त्यांनी शिकवलं होतं. मशीनं भंगारात गेली, मास्तर राहिले. आता पुण्याहून सुट्टीला येणारी चार हौशी पोरं त्यांच्याकडं फिल्म देत. ते ती घरीच धुवून देत.

मी त्यांना माझ्या चहाच्या चोथ्याची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, "आवं साहेब, इकत कशाला घेताय? म्या घरीच कालवतो."

त्यांनी मला डेव्हलपरची एक लिटरची तपकिरी बाटली दिली. पैसे घेतले नाहीत, रिकामी बाटली तेवढी परत आणून द्या म्हणाले. त्या रसायनात मी कृष्णेच्या घाटावरची एक फिल्म धुतली. माणसांच्या कातडीचा रंग असा आला की बायकोनं चष्मा लावून पुन्हा बघितलं.

कोणी दुसरा असता तर खूश झाला असता. मी ती उरलेली बाटली कारखान्यात नेली आणि मीटरवर लावली. आम्लता सांगणारा पीएचचा आकडा माझ्या पहिल्या चांगल्या संचाशी तंतोतंत जुळला. घनता जुळली. दोन खोल्यांच्या घरात, सत्तरीच्या माणसानं, डोळ्याला मोतीबिंदू असताना, कंपनीच्या इतकं जवळ जावं? मला पटेना. माझ्या मनानं सरळ हिशेब मांडला, की हा माणूस विकतचे चांगले संच आणतो, बाटलीत भरतो आणि घरी कालवलं म्हणून सांगतो. का सांगत असेल? मान मिळतो म्हणून. पुढे कधी तरी विकायचं असेल म्हणून.

पुढच्या रविवारी न सांगता साताऱ्याला गेलो. मास्तर मागच्या मोरीत बाटल्या विसळत होते. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही.

"बाटली द्यायला आलो," मी म्हणालो.

"बाटली द्यायला एवढ्या लांब?" ते म्हणाले. मग माझ्या तोंडाकडं बघून हळूच हसले. "बगायचं हाय व्हय? बगा की."

त्यांनी माझ्यासमोर सगळं केलं. सोनाराकडं असतो तसला छोटा काटा काढला. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी कोमट केलं. मग एकेक बरणी उघडून आधी सल्फाइट, मग कार्बोनेट, ज्याला ते नुसतं पोटॅश म्हणत, मग ब्रोमाइड, असं चमच्याचमच्यानं तोलून घालत गेले. प्रत्येक वेळी आधीचं पुरतं विरघळेपर्यंत थांबत. थांबताना बोलत नसत. रंग आणणारं मुख्य द्रव्य त्यांनी सगळ्यात शेवटी घातलं. ते मुंबईहून मागवावं लागतं, बाकी सगळं कुपवाडात माझ्या नाकासमोर मिळतं. ते घालायच्या आधी त्यांनी मला पुढच्या खोलीतून पाण्याचा कॅन आणायला सांगितलं. मी कॅन घेऊन आलो तेव्हा ते काहीतरी खिशात ठेवत होते. काय ते मला दिसलं नाही. पण ठेवताना दिसलं.

शेवटी त्यांनी कॅलेंडरच्या पानामागे सगळी मापं लिहून दिली. अक्षर सुरेख होतं. खाली लिहिलं होतं, "बरण्या घट्ट लावणे."

परत येताना बसमध्ये मी तो कागद चार वेळा वाचला. विकतचं भरून देतात हा माझा संशय खोटा ठरला होता. त्याची मला थोडी लाज वाटायला हवी होती. पण मी त्या खिशाचाच विचार करत होतो.

मग सामान जमवायला लागलो. कुपवाडच्या रसायनांच्या व्यापाऱ्याला वाटलं मी काहीतरी भलतंच करतोय. कारखान्यासाठी पोत्यानं घेणारा माणूस स्वतःसाठी अर्धा किलो का मागतो? "काय बनवताय साहेब? दारू का बारूद?" म्हणाला. हसत म्हणाला, पण कारखान्याच्या लेटरहेडवर पत्र आणल्याशिवाय दिलं नाही. पत्रावर सही करताना मालकानं पेन मध्येच थांबवलं. "धंदा काढतोयस का रे परस्पर?" मी फिल्मचं सांगितलं. त्याला ते खरं वाटलं असं मला वाटत नाही, पण सही केली.

घरी मी बरण्या मोरीशेजारच्या वरच्या फळीवर ओळीनं लावल्या. बायकोनं प्रत्येकीवर लाल शाईनं "खायचं नाही" असं लिहिलं. आईला वेगळीच काळजी. आईची उमेदीची सगळी वर्षं कोयनानगरच्या वसाहतीत गेली. वडील तिथे वीजघरात फिटर होते. मी तिथेच जन्मलो. जमीन हादरायची तेव्हा आई मला कडेवर घेऊन अंगणात पळायची, आणि आत फळीवरून डबे खाली येत. ते तिच्या अंगात इतकं मुरलंय की सांगलीला येऊन तीस वर्षं झाली तरी तिनं काचेची एकही वस्तू कधी डोक्याच्या वर ठेवली नाही.

"वर ठेवू नगंस," ती म्हणाली. "हादरा बसला की सगळं खाली."

"आई, हे सांगली आहे."

"धरणाचं काय सांगता येतं व्हय?"

मी हसून सोडून दिलं.

मे महिन्यात मी माझं पहिलं रसायन कालवलं. फिल्म चांगली आली. मास्तरांच्या इतकी नाही. गोऱ्या माणसांच्या गालांवर किंचित हिरवट झाक होती. स्कॅनर जुना आहे म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केलं. पण मनाच्या कोपऱ्यात तो खिसा होताच.

सप्टेंबरात आईला कोयनानगरला घेऊन गेलो. बरेच दिवस म्हणत होती, एकदा बघायचंय. पाटणच्या पुढे डोंगर जवळ आले तशी ती काच खाली करून बाहेर बघू लागली. वसाहतीतली बरीच क्वार्टर्स रिकामी होती, पायऱ्यांवर गवत आलेलं. सुरक्षारक्षकानं कॅमेरा बघून हटकलं, "धरणाकडं तोंड करू नका." मी म्हटलं, "आईचे फोटो काढतोय." त्यानं आईकडं बघितलं आणि सोडलं, पण शेवटपर्यंत वीस पावलांवरून मागे मागे येत राहिला.

आमच्या जुन्या दाराला कुलूप होतं. आई पायरीवर बसली. नळ कुठं होता ते दाखवलं. वडील कामावरून यायचे ती वाट दाखवली. शेजारणीशी भांडण कशावरून झालं ते सांगितलं, आणि ते सांगताना तिला इतकं हसू आलं की पदर तोंडाला लावला. मी छत्तीसच्या छत्तीस फोटो तिचेच काढले. मोबाईल मुद्दाम गाडीत ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाईनं नवीन रसायन कालवलं. बरण्या मोरीशेजारी खाली ओळीनं मांडलेल्या होत्या. पोटॅशचे खडे झाले होते, ते चमच्यानं फोडून तोलले. मीटर कारखान्यात होता, म्हणून नुसती कागदाची पट्टी बुडवून बघितली. पट्टी बरोबर वाटली.

फिल्म डब्यातून बाहेर काढली आणि उजेडात धरली. ती जवळजवळ कोरी होती. पायरी, दार, आई, सगळं काचेवर फुंकर मारल्यासारखं. स्कॅन केल्यावर आईचा चेहरा शेवाळलेल्या पाण्याच्या तळाशी असल्यासारखा दिसत होता.

आई म्हणाली, "जाऊ दे रं. मी तरी कुठं लय देखणी हाय."

मी तिथल्या तिथे मास्तरांना फोन लावला. दहा मिनिटं थांबलो असतो तर बरं झालं असतं.

"मास्तर, कागदावर तुम्ही काही लिहायचं सोडलंय का?"

"कोण म्हणतंय?"

"फिल्म म्हणतेय. आईचे फोटो गेले माझ्या. मी कॅन आणायला गेलो तेव्हा तुम्ही खिशात काय ठेवलंत?"

पलीकडं शांतता. मला वाटलं फोन कट झाला.

"साहेब," मास्तर म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तुमचा इस्वास न्हाई तर इकतच घ्या. इकतचं बरं. त्यात कुणाचा खिसा न्हाई." आणि त्यांनी फोन ठेवला.

त्यांच्या त्या शांततेचा मी कबुली म्हणून अर्थ लावला. आठवडाभर मी बायकोला तेच सांगत होतो. ती वह्या तपासता तपासता म्हणाली, "तुमच्याकडं पुरावा आहे का?"

नव्हता. तो गोळा करायचा मी ठरवलं. माझी सगळी रसायनं शुद्ध आहेत असा रिपोर्ट काढायचा आणि साताऱ्याला पाठवायचा, म्हणजे दोष कागदाचाच आहे हे त्यांना मान्य करावं लागेल. बरण्या पिशवीत घालून मी कारखान्याच्या लॅबमध्ये नेल्या. सल्फाइट ठीक निघालं. ब्रोमाइड ठीक. पोटॅशची बरणी उघडली तेव्हा झाकण नुसतं टेकवलेलं आहे हे लक्षात आलं. आटे बसलेले नव्हते. नमुना तोलून भट्टीत ठेवला, दोन तासांनी काढून पुन्हा तोलला. जवळजवळ पाचवा हिस्सा गायब झाला होता. म्हणजे मी पोटॅश समजून जे तोललं होतं त्यातला पाचवा हिस्सा नुसतं पाणी होतं, हवेतलं ओढून घेतलेलं.

आमच्याकडं कोणाचं पोतं असं निघालं असतं तर मी ते गाडीतून उतरूही दिलं नसतं. खडे बघूनच परत पाठवलं असतं. स्वतःच्या बरणीतले खडे मी चमच्यानं फोडून वापरले होते.

पण बरणी ओल्या मोरीशेजारी खाली आली कशी? मी तर वरच्या फळीवर ठेवली होती. संध्याकाळी घरी गेल्यावर बायकोला विचारलं. ती म्हणाली, "आईंनी जूनमध्येच उतरवून ठेवल्या. तुम्हाला सांगितलं होतं मी. तुम्ही मोबाईलवर फिल्मचे भाव बघत होतात."

आई पलीकडं शेंगा फोडत बसली होती. मी तिला काही बोललो नाही. तिनं बरण्या खाली ठेवल्या हे खरं, पण झाकण लावायचं काम माझं होतं, आणि ते मी लावलं नव्हतं. आजही तिला हे माहीत नाही.

साताऱ्याला जायला मला पुढे दोन महिने लागले. दर रविवारी निघायचं ठरवायचो आणि काहीतरी निमित्त काढायचो. शेवटी दिवाळी झाल्यावर गेलो. फराळाचा डबा नेला. बायकोनं दिला होता, काही न विचारता.

मास्तर ओट्यावर बसले होते. हातात पांढरे सुती मोजे. बोटांची कातडी सोलून निघत होती, डॉक्टरांनी रसायनाला हात लावायचा नाही म्हणून बजावलं होतं. रंग आणणारं ते मुख्य द्रव्यच कातडीला बाधतं. तीस वर्षं मशीनवर काही झालं नाही, आणि आता घरी कालवताना झालं.

"बसा," ते म्हणाले. पूर्वी ते मला मोकळेपणानं साहेब म्हणायचे. त्या दिवशी साहेबही म्हणाले नाहीत.

मी सगळं सांगितलं. भट्टी, पाचवा हिस्सा, न लागलेलं झाकण. म्हणालो, "चूक माझी होती. तुमच्यावर आळ घेतला."

मास्तरांनी आतून एक औषधाची लहान बाटली आणि सुईविना सिरिंज आणली आणि माझ्यासमोर ठेवली.

"पोटॅशियम आयोडाइड," ते म्हणाले. "एक ग्रॅम लिटरभर पाण्यात घालायचं आन् त्यातलं दोन मिली लिटरभर डेव्हलपरात टाकायचं. एवढंसंच लागतं, काट्यावर येत न्हाई. त्येच खिशात ठिवलं हुतं म्या. कागदावर लिवलं न्हाई."

माझा संशय खोटाही नव्हता आणि खराही नव्हता.

"म्हणजे मेमधली ती हिरवट झाक..."

"ती माजी," ते म्हणाले. "आन् आईसाहेबांचे फोटो गेले ते तुमचं पोटॅश. वाटून घेऊ."

मग त्यांनी कारण सांगितलं. लॅबा बंद पडायला लागल्या तेव्हा एका स्टुडिओवाल्यानं घरी येऊन, पाया पडून, त्यांच्याकडून हे सगळं शिकून घेतलं. दोन महिन्यांनी तोच गावभर सांगत फिरला की मास्तरांच्या रसायनात फिल्म बिघडते, माझ्याकडं द्या. "तवापासनं कुणालाबी पुरं लिवून देत न्हाई. एक गोष्ट हातात ठिवतो. तुमी त्या दिवशी न सांगता आलात, नजर अशी बरणीबरणीवरनं फिरत हुती. मला वाटलं, ह्यो बी तसलाच."

"मीही तुम्हाला तसलाच समजत होतो," मी म्हणालो.

"व्हय, ते कळत हुतं की." आणि त्यांनी डबा उघडून एक चकली घेतली. मोजा घातलेल्या हातानंच.

डिसेंबरात आईला पुन्हा कोयनेला न्यायचं ठरवलं. ती म्हणाली, "परत? पहिलं काय झालं?"

"फिल्म बिघडली."

"कुणी बिघडवली?"

"माझ्याच हातनं," मी म्हणालो. तिनं माझ्याकडं जरा निरखून बघितलं, पण आली.

या वेळी ती पायरीवर बसली नाही, गुडघा धरला होता. दाराला टेकून उभी राहिली. तेच किस्से पुन्हा सांगितले, पण भांडणात शेजारणीची बाजू थोडी अधिक बरोबर होती असं या खेपेला म्हणाली. परतीच्या वाटेवर तिला कराडला बहिणीकडं सोडलं आणि फिल्म घेऊन मी एकटाच साताऱ्याला गेलो.

मास्तरांना हात लावायची बंदी, म्हणून त्यांनी सांगायचं आणि मी कालवायचं असं ठरलं होतं. नवीन पोटॅश, घट्ट झाकण, आयोडाइडची बाटली, सगळं ओट्यावर मांडलं. पिशवीतून बरण्या काढताना तळाशी ठेवलेलं एक पाकीट मास्तरांच्या नजरेला पडलं. मी गुपचूप एक विकतचा संच मागवला होता. ताजा, तारीख नीट बघून, दुसऱ्या दुकानातून.

"ह्ये काय?"

"असू दे म्हणून आणलं."

मला वाटलं आता पुन्हा फोन ठेवल्यासारखं होणार. पण मास्तर म्हणाले, "आण हिकडं. दोन्ही करू."

पहिल्यांदाच त्यांनी मला अरेतुरे केलं होतं.

माझ्याकडं एक चाचणीची फिल्म होती, त्यांच्या अंगणातल्या जास्वंदीची आणि खुद्द मास्तरांची. तिचे दोन तुकडे केले. एक घरी कालवलेल्यात धुतला, एक विकतच्यात. दोन्ही खिडकीत धरले. मास्तरांनी भिंग घेऊन पाचेक मिनिटं बघितलं. मी बघितलं. विकतच्यात काळोख्या जागा थोड्या स्वच्छ होत्या, घरच्यात जास्वंदीचा लाल जरा दाट असावा असं वाटलं. पण कुठला तुकडा कुठला हे कोणी अदलाबदल करून विचारलं असतं तर मी पैज लावली नसती.

"मग आईची कशात करू?" मी विचारलं. मनातून मला वाटत होतं ते आपलंच म्हणतील, आणि मी हो म्हणणार होतो.

"इकतच्यात कर," मास्तर म्हणाले.

"का? तुमचं तर बरोबर आलंय."

"आलंय की. पर त्यात न्हाई आलं तर तू सांगलीला जाऊन मला फोन करशील. पाकीटवाल्याला कर जा."

ते हसत नव्हते. मीही हसलो नाही. विकतचंच वापरलं.

सव्वातीन मिनिटं ते घड्याळ धरून उभे होते आणि मी डबा हलवत होतो. धुऊन झाल्यावर फिल्म दोरीला लावली. या वेळी ती भरलेली होती. ओल्या, नारिंगी पट्टीत आई उलट्या उजेडात छत्तीस वेळा उभी होती, तोंड काळं, केस पांढरेफटक. निगेटिव्हमध्ये रंग उलटे असतात, मला त्यातलं काही कळत नाही, स्कॅन होईपर्यंत थांबावं लागतं. मास्तरांनी पट्टीच्या मागे पांढरा कागद धरला आणि मान तिरकी केली.

"आईसाहेब हिरवं लुगडं नेसल्यात," ते म्हणाले.

मला आठवेना. दिवसभर तिच्यासोबत होतो, छत्तीसदा तिच्याकडं डोळा लावून बघितलं होतं, आणि साडीचा रंग सांगता येत नव्हता.

"तुम्हाला कसं कळलं?"

"लाव की फोन. इचार."

मी कराडला फोन लावला. मावशीनं उचलला, आईला दिला.

"आई, आज कुठल्या रंगाची साडी नेसली होतीस?"

"हिरवी," आई म्हणाली. मग थोडं थांबून, "का रं? काय झालं? खरं सांग."